स्वतःचे शंभर तास

“दोनशे तास म्हणजे आठ दिवस आणि वर आठ तास,” फ्लेक्स छापणारा माणूस त्याच्या जोडीदाराला सांगत होता. “आठ दिवसांत पायलट. मला साधी फोर व्हीलर शिकायला महिना लागला.”

मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही, असं त्याला वाटलं असावं. पण मशीन नेमकं तेव्हाच थांबलं आणि ‘महिना लागला’ हे शब्द तुर्भ्याच्या त्या गाळ्यात सगळ्यांनी ऐकले. माझे काका हसले. मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिले, कारण पडद्यावर मीच होते.

पांढरा युनिफॉर्म, हाताची घडी. माझ्यामागे चार इंजिनांचं एक अवाढव्य विमान ढगांतून वर चढत होतं. मी ज्यावर शिकले त्या विमानाला एकच इंजिन होतं, चार सीट होत्या आणि दार नीट लागावं म्हणून ते आतून दोनदा ओढावं लागायचं. डोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘कॅप्टन’. उजवीकडे काका, गॉगल लावून, माझ्या दीडपट मोठे. खाली शुभेच्छुकांची रांग. सतरा चेहरे होते, त्यातले पाच मी ओळखत होते.

“तेवढं स्पेलिंग बघ,” काका म्हणाले. “तू इंग्लिश मीडियमची. माझ्यावर सोडशील तर मी काँग्रॅच्युलेशनला पन के लावीन.”

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

“लायसन आलं ना, शेठ?” डिझाइन करणाऱ्यानं विचारलं.

“आलं म्हनून समज. तास पुरे झाले. आता नुसता कागद.”

लायसन्स आलेलं नव्हतं. अर्जही गेलेला नव्हता, त्यासाठी लागणारे कागद माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये होते. आणि लायसन्स मिळालं तरी कॅप्टन व्हायला त्यापुढे कित्येक वर्षं लागतात. हे सगळं मी काकांना सांगू शकले असते. पण गाळ्यात पाच माणसं होती, आणि पाच माणसांसमोर बोलायचं तर मला आदल्या दिवसापासून तयारी लागते.

आमचं घर नेरूळच्या गावठाणात आहे. घर म्हणजे चार मजली बिल्डिंग. पहिल्या मजल्यावर काका-काकू, तिसऱ्यावर आम्ही, बाकी भाडेकरू. आजोबांच्या वेळी इथे शेती होती आणि पलीकडे खाडी. मग शहर आलं. पप्पा नोकरीला लागले, काकांनी रेती-सिमेंटचा धंदा काढला. माझ्या वर्गातल्या मुलींना मी गावठाणात राहते हे बरीच वर्षं माहीत नव्हतं आणि घरातल्या लोकांना मी वर्गात काय बोलते हे माहीत नव्हतं. वर्गात मी काही बोलतच नव्हते, त्यामुळे त्यांचं फारसं नुकसान झालं नाही. चुलत भावंडं मला ‘मॅडम’ म्हणतात. ती भराभर घरची बोली बोलतात, मला ती सगळी समजते, आणि उत्तर द्यायची वेळ आली की तोंडातून शाळेच्या पुस्तकातलं मराठी बाहेर पडतं.

पायलट व्हायचंय हे मी बारावीनंतर सांगितलं. सांगितलं म्हणजे माहितीपत्रक जेवणाच्या टेबलावर ठेवून आत निघून गेले. पप्पांनी ते दोन दिवस वाचलं. नातेवाइकांत चर्चा झाली. पोरगी एवढ्या लांब, एकटी, आणि विमान. तेव्हा काका मधे पडले. काकूच्या माहेरची सगळी शेतं नव्या विमानतळाखाली गेली आहेत. काका म्हणाले, “जमीन विमानाला चालली, मग पोरगी का नाय चालत?”  पुढच्या महिन्यात मी ट्रेनिंगला गेले.

म्हणून त्या दिवशी काकांना मी ‘बरोबर आहे’ म्हणाले.

बाकी त्या फ्लेक्सवाल्याचा हिशोब चुकलेला नव्हता. दोनशे भागिले चोवीस, आठ दिवस आठ तास. पण ते आठ दिवस गोळा करायला मला दीड वर्षाच्या वर लागलं. चाकांचे ठोकळे काढून विमान उडण्यासाठी जागचं हललं की वेळ सुरू होतो आणि परत येऊन ते थांबलं की संपतो. त्यामुळे धावपट्टीच्या तोंडाशी दुसऱ्या विमानाची वाट बघत इंजिन सुरू ठेवून उभं राहिलेली दहा मिनिटं मोजली जातात. पण पहाटे चारजणींनी मिळून विमान हँगरमधून ढकलत बाहेर काढलं, पंखांवरचं दव पुसलं, पेट्रोलमध्ये पाणी आहे का ते बाटलीत काढून बघितलं आणि मग धुकं उठेल म्हणून साडेअकरापर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिलो, ते मोजलं जात नाही. ते धरलं असतं तर मी आतापर्यंत खरोखरच कॅप्टन झाले असते.

आणि सगळे तास सारखे नसतात. लॉगबुक ही एक जाड पुठ्ठ्याची आडवी वही असते, तिच्यात रकानेच रकाने. शेजारी शिक्षक बसलेले असतील तर तो तास शिकण्याचा. तुम्ही एकट्या असाल तर तो तास तुमच्या कमांडमधला. दोन्ही मिळून दोनशे व्हायला हवेत, पण त्यातले निदान शंभर कमांडमधले पाहिजेत. शिवाय थोडे रात्रीचे, थोडे नुसत्या उपकरणांकडे बघून, आणि एक लांबची फेरी, वाटेत दोन परक्या विमानतळांवर उतरून. एक तास एकाच वेळी दोन-तीन रकान्यांत जाऊ शकतो. पण शिकण्याचा तास कमांडच्या रकान्यात जात नाही. कितीही छान गेला असला तरी नाही.

मला एकटीचे तास फार आवडायचे. शेजारची सीट रिकामी, खाली कापसाची शेतं, आणि बोलायचं ते फक्त रेडिओवर, विमानतळाच्या टॉवरशी. टॉवरशी बोलण्याचं एक बरं असतं. काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असतं. आपण कोण, कुठे, किती उंचीवर, काय हवंय. तो उत्तर देतो, आपण ते परत म्हणून दाखवतो, संपलं. कसं चाललंय, बारीक का झालीस, लग्नाचं काय, असं तो विचारत नाही. माझ्या बॅचमधली एक मुलगी एकदा टॉवरमध्ये गेली होती. परत येऊन म्हणाली, “तू रेडिओवर असतेस तेव्हा ओळखूच येत नाहीस गं. केवढी बोलतेस.”

तर, फ्लेक्सच्या दुकानातून आम्ही घरी आलो. रविवारी गावदेवीच्या हॉलमध्ये सत्कार ठरला होता. काकांनी कुणा पुढाऱ्याची वेळ घेतली होती, आईनं काठाची साडी इस्त्रीला दिली होती. तो सोमवार होता. जेवून मी अर्ज भरायला बसले.

अर्ज ऑनलाइन असतो. प्रत्येक उड्डाण वेगळं भरायचं: तारीख, विमान, कुठून, कुठे, किती वेळ. मग एक रकाना येतो, ‘पायलट इन कमांड’. तिथे नाव लिहायचं. शिक्षकांबरोबरचं उड्डाण असेल तर शिक्षकांचं. एकटीचं असेल तर ‘सेल्फ’. दुपारभर मी सेल्फ, सेल्फ, सेल्फ असं टाइप करत होते. आई मधेच चहा ठेवून गेली. ते काम मला आवडत होतं, सगळी उड्डाणं पुन्हा एकदा होत होती. या दिवशी कुत्रं धावपट्टीवर आलं होतं. या दिवशी रेडिओ खरखरत होता. मग एका ओळीशी आले आणि हात थांबला. एक तास चाळीस मिनिटं. वहीत माझ्याच अक्षरात, कमांडच्या रकान्यात.

ती फेरी मला एकटीनं करायची होती. दुसऱ्या गावच्या विमानतळावर जाऊन उतरायचं आणि परत यायचं. सकाळी मी विमान तपासत असताना माझे शिक्षक आले. त्यांना आम्ही सर म्हणायचो, वयानं ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. त्यांच्या बहिणीचा साखरपुडा त्याच गावात होता आणि सकाळची गाडी चुकली होती. हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स.

“मी येतो तुझ्याबरोबर,” ते म्हणाले. “माझ्याकडे लक्ष देऊ नकोस. मी आज सामान आहे. सामानाची नोंद होत नसते.”

शिकाऊ मुलीच्या विमानात दुसरं माणूस बसत नाही. शिक्षक बसले तर ते शिकण्याचं उड्डाण. हे मलाही माहीत होतं, त्यांनाही. पण असं अधूनमधून व्हायचं आणि कुणी त्याचं फार काही मानत नसे. आणि ‘सर, नको’ असं म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

ते खरोखर सामानासारखे बसले. मांडीवर बॉक्स, नजर खिडकीबाहेर. दीड तास आम्ही दोघं काही बोललो नाही. जगात फार थोडी माणसं माझ्या गप्प बसण्याला घाबरत नाहीत, ते त्यांतले एक होते. मी नकाशा बघत होते, नदी आली, पूल आला, रेल्वेचा रूळ आला, सगळं वेळेवर. मला वाटलं, हे तर एकटीपेक्षा बरं आहे.

त्या गावच्या धावपट्टीवर वारा डावीकडून येत होता. असा आडवा वारा असला की विमान तिरकं तिरकं खाली येतं, नाक वाऱ्याकडे करून. टेकायच्या अगदी आधी पायानं पेडल दाबून नाक सरळ करायचं असतं. लवकर दाबलं तर वारा बाजूला ढकलतो, उशिरा दाबलं तर चाकं तिरकी टेकतात. मी हे कितीतरी वेळा केलं होतं. त्या दिवशीही करणारच होते. करणार होते म्हणजे, उजवा पाय दाबायला घेतला, आणि पेडल माझ्या पायाआधी खाली गेलं.

दोन्ही सीटपुढची पेडलं आतून जोडलेली असतात. एकानं दाबलं की दुसऱ्याचंही जातं.

चाकं सरळ टेकली. छान टेकली, काही आवाजही झाला नाही. मी ब्रेक लावत धावपट्टीच्या बाहेर आले. सर अजून खिडकीबाहेरच बघत होते. फक्त पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या मांडीवर नव्हता. तो खाली, सीटच्या कडेला पडला होता, आणि त्याची एक बाजू चेपली होती.

“छान उतरवलंस,” ते बॉक्स उचलत म्हणाले. “कमांडमध्ये टाक.”

आणि ते गेटमधून निघून गेले. मी चहा प्यायले, अर्ध्या तासानं एकटी परत आले. परतीचा तास माझा होता, त्याबद्दल प्रश्नच नाही. संध्याकाळी वही काढली, दोन ओळी लिहिल्या, दोन्ही कमांडच्या रकान्यात. लिहिताना काही वाटलं नाही असं नाही. पण मी मनात म्हटलं, मी दाबणारच होते. माझा पाय तिथेच होता. नंतर बाकीच्या पानांखाली ते पान गेलं.

आता ते पान पुन्हा पुढ्यात होतं आणि विचारत होतं, कमांडमध्ये कोण होतं?

मी वेगळ्या कागदावर बेरीज केली. कमांडचे माझे शंभर तास पंचावन्न मिनिटं होते. त्यातून एक चाळीस गेले की नव्व्याण्णव तास पंधरा मिनिटं. दोनशेची बेरीज होती तिथेच राहत होती, ती ओळ शिकण्याच्या रकान्यात गेली तरी एकूण तास तेवढेच. कमी पडत होता तो पाऊण तास. जास्त तास घेऊन ठेवावेत असं कुणी तेव्हा सांगितलं असतं, तरी मी घेतले नसते. सगळेच शंभर झाले की घरचं तिकीट काढायचे.

अर्जाच्या शेवटी एक चौकोन असतो. वरील सर्व माहिती खरी आहे, तिथे टिक करायची. मी लॅपटॉप बंद केला.

“झाला फॉर्म?” रात्री जेवताना पप्पांनी विचारलं.

“होतोय,” मी म्हणाले.

“काय अडचण नाही ना?”

“नाही.”

पप्पांनी मान डोलावली आणि आईला मला अजून एक भाकरी वाढायला सांगितली. एकदा ‘नाही’ म्हटलं की पप्पांना दुसऱ्यांदा विचारायची सवय नाही. तसं विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलं असतं, पण या सवयीबद्दल त्यांना काही म्हणायचा मला अधिकार नाही. ती मी त्यांच्याकडूनच घेतली आहे.

मंगळवारी मी गच्चीवर गेले, पाण्याच्या टाक्यांच्या मागे, आणि सरांना फोन लावला. ते आता एका कंपनीत मोठी विमानं चालवतात.

“तू?” ते म्हणाले. “तू फोन केलास? कुणी वारलं का?”

“नाही, सर. लॉगबुकबद्दल विचारायचं होतं.”

मी तारीख सांगितली, गावाचं नाव सांगितलं. पलीकडे थोडा वेळ कपबशीचा आवाज येत राहिला.

“अगं, किती विद्यार्थी, किती फेऱ्या,” ते म्हणाले. “मला एवढं कुठं आठवणार? तू लिहिलंयस ना कमांडमध्ये? मग असेल.”

“तुमच्याकडे पेढ्यांचा बॉक्स होता.”

“असेल.”

“उतरताना पेडल तुम्ही दाबलंत का, एवढंच विचारायचंय.”

“मला खरंच काही आठवत नाही,” ते म्हणाले. आणि मग, जरा थांबून, “वारा डावीकडून होता.”

मी वाऱ्याबद्दल काही बोलले नव्हते.

  ते हसले. “तू दाबत होतीस गं. मला दिसत होतं. मी आपलं सवयीनं... दुसऱ्याच्या पायावर विश्वास ठेवायचा एवढंच आम्हाला जमत नाही.”

“म्हणजे तुम्ही दाबलंत.”

“म्हणजे मी दाबलं.”

मग त्यांनी सरळ सांगितलं. वहीत खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर नाहीच. लाल शाईनं एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी योग्य नोंद आणि सही. “माझी पण लागेल. करेन मी, मला दोन शब्द ऐकावे लागतील, ऐकेन. पण तू बघ. पाऊण तासासाठी परत तिकडे जायचं. पुढच्या महिन्याआधी तुला विमान मिळणार नाही. आणि खरं सांगू, हे कुणाला कधी कळणार नाही. तुला लँडिंग येतं. मी तुझ्या विमानात माझ्या आईला बसवीन.”

“थँक यू, सर,” मी म्हणाले.

“काय ठरवलंस?”

“सांगते.”

आमच्या गच्चीवरून हल्ली विमानं दिसतात, चाकं काढून खाली खाली जाताना. पूर्वी फक्त बगळे दिसायचे. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. विचार वगैरे करत नव्हते. वाऱ्याकडे बघत होते, दोरीवरच्या चादरींवरून कळतो तेवढा.

संध्याकाळी जाऊन लाल पेन आणलं. दुकानदार म्हणाला, “टीचर झालात का ताई?” मी ‘हो’ म्हणाले, कारण ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. पेन दोन दिवस सॅकमध्येच होतं. मी तोंड उघडायचं तीनदा ठरवलं. एकदा आई कोळंबी सोलत होती तेव्हा, पण ती फोनवर मावशीला सत्काराला कुणी कोणती साडी नेसायची ते सांगत होती. एकदा जिन्यात काकू भेटल्या, त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि डोळे पुसले, मग कसं सांगणार? एकदा काकांच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे खाली सिमेंटच्या गोण्यांपुढे एक टेबल. काका फोनवर होते. “हो हो, आमचीच पोरगी. शंभर तास एकटीनं चालवलंय. बाजूला कोन नाय. कोन म्हनजे कोन नाय. शंभर तास.” त्यांनी मला खुणेनं बस म्हटलं. मी उभीच राहिले आणि मग निघाले.

शुक्रवारी सकाळी फ्लेक्स आला. गावठाणात शिरताना जी लोखंडी कमान आहे तिच्यावर तो लावायचा होता. काका स्वतः शिडीवर चढले, हे काम ते दुसऱ्याला देत नाहीत. खाली पप्पा शिडी धरून. रिक्षावाले जमले होते, आणि कोपऱ्यावर मासळी घेऊन बसणारी मावशी टोपली झाकून बघायला आली होती.

“बाय, आमाला कवा बसवनार विमानात?” ती मला म्हणाली.

“तिचं तिकीट तुला परवडनार नाय,” एक रिक्षावाला म्हणाला.

“का नाय परवडनार? मी तिच्या बारशाला सुरमई दिलीय. फुकट बसनार.”

“मावशी, कॅप्टनला असं बोलायचं नाय. खाली उतरवून देईल.”

सगळे हसले. मीही थोडं हसले. फ्लेक्सचा एक कोपरा वर बांधून झाला होता, दुसरा कोपरा वाऱ्यावर फडफडत होता आणि त्यामुळे माझा चेहरा सारखा वाकडा होत होता. चार इंजिनांचं विमान मात्र ताठ होतं. वरून काकांचा आवाज आला, “सरळ हाय का गो? डावीकडून वर घेऊ?”

सगळे माझ्याकडेच बघत होते. कॅप्टन मी होते ना.

“बोल ना. सरळ हाय का?”

मी शंभर तासांत हजारदा तरी अशा प्रश्नाचं उत्तर दिलं असेल. कुठे आहेस, किती उंचीवर, काय हवंय. पण टॉवर दिसत नसतो. इथे काका दिसत होते. तोंडात सुतळीचा तुकडा, कपाळावर घाम, गॉगल डोक्यावर चढवलेला. त्यांच्या खाली पप्पांचे दोन हात शिडीवर घट्ट.

“काका, खाली या,” मी म्हणाले.

“काय?”

“खाली या जरा.”

“एवढं बांधून येतो. एकच गाठ राहिलीय.”

पप्पांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि मग त्यांनी चक्क दुसऱ्यांदा विचारलं. “काय झालं?” हळूच. फक्त मला ऐकू येईल एवढं.

त्यांना हळू सांगता आलं असतं. पण गाठ काकांच्या हातात होती आणि काका वर होते. म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं, मासळीवाल्या मावशीलाही ऐकू जाईल इतकं मोठ्यानं.

“ती गाठ मारू नका, काका. एकदा विमान मी एकटीनं उतरवलेलं नाही, सरांनी पाय लावला होता, आणि ते मी माझ्या नावावर लिहिलंय. आज खोडते. पाऊण तास कमी पडतोय. तेवढा उडून येते, मग लावा.”